कल्याणच्या पलीकडून

ठाण्याला किंवा डोंबिवलीला राहणाऱ्या माणसाची लोकल चुकली तर तो मागची पकडतो. चार-सहा मिनिटांचा प्रश्न असतो. कल्याणच्या पलीकडे गाडी चुकली की अख्ख्या दिवसाची घडी विस्कटते. कल्याणला लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक बदलापूर-कर्जतकडे जातो, दुसरा टिटवाळा, आसनगाव करत कसाऱ्याकडे. मुंबई ते कल्याण लोकलला स्लो आणि फास्ट असे वेगळे रूळ आहेत. कसाऱ्याच्या बाजूला मात्र जायला एक आणि यायला एक, एवढेच. त्याच दोन रुळांवरून लोकल जायची, नाशिक-भुसावळकडच्या मेल-एक्स्प्रेस जायच्या आणि मालगाड्याही जायच्या. त्यामुळे सकाळच्या ऐन घाईतही मागची गाडी अर्ध्या तासाने, कधी त्याहून उशिरा. ती पकडली तर कार्यालयात हजेरीपटावर लाल शेरा पडलेलाच असतो.

मी १९९३ साली फोर्टातल्या एका विमा कार्यालयात हिशेब विभागात लागले आणि २०२५च्या अखेरीला अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. राहायला पहिल्यापासून शहापूरला. शहापूरचं स्टेशन म्हणजे आसनगाव. गावापासून शेअर रिक्षानं थोड्या अंतरावर, आणि सीएसएमटीपासून सुमारे ८५ किलोमीटर. गाडी वेळेवर धावली तर दोन तास, नाहीतर अडीच. दोन्हीकडचं चालणं, रिक्षा, फलाटावर थांबणं धरलं की दिवसाचे पाच-साडेपाच तास वाटेत. मिस्टर तालुक्यातल्याच आश्रमशाळेत शिक्षक, सासू-सासरे घरात, थोडी भातशेती. कार्यालयातले लोक आपुलकीनंच विचारायचे, ‘मुंबईतच घर का नाही बघत?’ आमच्या दोघांच्या पगारात मुंबईत एक खोली झाली असती कदाचित, पण मग मिस्टरांनी रोज उलटा प्रवास करायचा आणि म्हाताऱ्या माणसांना मागे सोडायचं. माझ्या डब्यातल्या बहुतेक जणींचं थोड्याफार फरकानं असंच होतं. काम मुंबईत होतं आणि परवडणारं घर मुंबईत नव्हतं. गिरण्या बंद पडल्यावर परळ-लालबागची कितीतरी कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, टिटवाळ्याकडे सरकली, त्यांच्या मुली-सुनाही याच गाड्यांतून उलट्या त्याच परळला कामाला जात होत्या. लांबून येणाऱ्यांच्या चिकाटीचं कौतुक होतं तेव्हा मला बरं वाटत नाही. शहराला आमचे हात हवे होते आणि आम्हाला राहायला जागा देणं त्याला परवडत नव्हतं. ते अंतर कुणीतरी भरून काढायचं होतं. ते आम्ही आमच्या झोपेतून भरून काढलं.

हा मार्ग मुळात आमच्यासाठी टाकलेलाच नव्हता. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, १८६१ साली रूळ कसाऱ्यापर्यंत पोचले आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीला गेले. खानदेश-वऱ्हाडचा कापूस बंदरावर आणायचा हा त्यामागचा मोठा हेतू. घाटाचा चढ ३७ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. घाटात काही बिघडलं की त्याची झळ आसनगावच्या फलाटापर्यंत येते. खडवली-वासिंद दरम्यान मालगाडीचं इंजिन बंद पडलं तर मागे सगळं ठप्प, कारण वळसा घालून पुढं काढायला तिसरा रूळच नाही. कल्याण-कसारा तिसरी मार्गिका मंजूर होऊन एक तप केव्हाच उलटलं. तिचं काम मी खिडकीतून बघत आले. मातीचे भराव, पुलांचे खांब, पावसाळ्यात त्यांच्यावर उगवलेलं गवत.

हिवाळ्याचं एक गणित तर मुंबईत राहणाऱ्याच्या कधी लक्षातच येणार नाही. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेशात, दिल्लीकडे दाट धुकं पडलं की तिकडून मुंबईला येणाऱ्या गाड्या उशिरा धावतात. पहाटेच निघून जायच्या त्या गाड्या नेमक्या आमच्या वेळेला कसारा घाट उतरतात. मग लोकल एखाद्या स्टेशनात बाजूला थांबते आणि दोन-दोन मेल धडधडत पुढे निघून जातात. दोन रुळांवर एवढ्या गाड्या बसवायच्या म्हटल्यावर कुणीतरी थांबणारच, हे मला कळतं. पण रात्रीच्या टीव्हीवर कानपूरच्या धुक्याची बातमी बघून उद्या सकाळी पंधरा मिनिटं लवकर निघायचं, हे शहापूरच्या बाईला ठरवावं लागतं.

असं ठरवणं हीच आमची विद्या होती. गाडीला आम्ही नावानं नव्हे, मिनिटानं ओळखायचो. ‘सहा बेचाळीस गेली का?’ एवढं विचारलं की पुरे. वेळापत्रक बदललं, गाडी दोन-चार मिनिटं पुढंमागं झाली तरी जुन्या बायका जुन्याच मिनिटानं बोलत राहायच्या. मोबाइल येण्याआधी गाडीची खबर स्टेशनबाहेरचे रिक्षावाले द्यायचे. पुढे व्हॉट्सॲपचे ग्रुप झाले. खर्डीची शिक्षिका लिहायची, ‘खर्डी सुटली’. आटगावहून कुणीतरी ‘आटगाव’ एवढंच टाकायचं. तो शब्द दिसला की मी पोळीचा डबा पिशवीत घालायची. एम-इंडिकेटर ॲपवर सगळं दिसतं असं आता मुली म्हणतात, आणि ते खरंही आहे, पण फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचा शब्द आम्हाला जास्त भरवशाचा वाटत आला.

आसनगावला चढायचा एक मोठा फायदा, बसायला मिळायचं. वासिंदपर्यंत जागा असायची, टिटवाळ्याला तिघींच्या बाकावरची चौथी सीटही भरायची, कल्याणला दारातून आत यायला जे काही लागतं ते फक्त त्या बायकांनाच ठाऊक. बायकांच्या डब्यात एक पद्धत आहे. उभी राहिलेली बाई बसलेलीला विचारते, ‘कुठं?’ ‘घाटकोपर’ म्हटलं की त्या सीटवर तिचा नंबर लागला. तिच्या मागून आलेली विचारते, ‘घाटकोपर कुणाला सांगितलंय?’ ही रांग जमिनीवर कुठंच दिसत नाही, पण डब्यातल्या पन्नास बायकांच्या डोक्यात ती अचूक असते. तिच्यावरून भांडणं होतात, कधी हातघाईवरही येतात. तरी मला त्या पद्धतीचा आदर वाटतो. न बोलता घुसायचं नाही, विचारायचं, सांगायचं आणि सांगितलेलं पाळायचं, हे कुणी कागदावर लिहून दिलेलं नाही. ते बायकांनीच बसवलं. आम्ही लांबच्या बायका ठाण्यानंतर उठून उभ्या राहायचो, कल्याण-डोंबिवलीच्या मैत्रिणींना दादरपर्यंत बसता यावं म्हणून. कंबर दुखत असली तरी हे पाळलं जायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबा सजवणं, संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू, कुणाचं डोहाळजेवण, यांचे फोटो दरवर्षी छापून येतात, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांचे फोटो येत नाहीत त्यांच्याबद्दल लिहायला हवं. आमच्याच गाडीच्या मालडब्यात खर्डी-आटगावकडच्या ठाकूर, कातकरी, वारली बायका चढायच्या. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं. पहिल्या पावसाच्या आगेमागे शेवळं. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टुली. दसऱ्याला आपट्याची पानं. आदल्या दिवशी रानात फिरून गोळा केलेलं, रात्री जुड्या बांधलेलं, आणि सकाळी कल्याण, ठाणे, दादरच्या फूटपाथवर मांडायचं. त्यांच्या प्रवासाला ना हजेरीपट, ना पगारी रजा. गाडी तासभर रखडली की माझा लाल शेरा पडायचा. त्यांची पालेभाजी उन्हानं मान टाकायची, आणि संध्याकाळी पडेल त्या भावानं द्यायला लागायची. लांबच्या प्रवासाची खरी किंमत त्या मोजत होत्या. संध्याकाळी परतताना त्यांच्यातली एखादी रिकामी टोपली उशाला घेऊन दाराजवळ झोपलेली दिसायची.

आता पाण्याचं सांगते, कारण माझ्या लेखी या सगळ्याच्या मुळाशी तेच आहे.

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी तानसा आणि भातसा आमच्या शहापूर तालुक्यात. तानसाचं धरण १८९२ सालचं. भातसा त्या सातांत सगळ्यात मोठं, मुंबईच्या पाण्यापैकी जवळपास निम्मं एकट्या भातसातून जातं. वैतरणेवरची धरणंही आमच्या आजूबाजूच्याच डोंगरांत. पावसाळ्यात मुंबईची वर्तमानपत्रं या तलावांची पातळी रोज छापतात, कुठला किती टक्के भरला, कुठला ओसंडला. ती आकडेवारी मी डब्यात बसून वाचायची. आणि एप्रिल-मे लागला की त्याच तालुक्यातल्या गावापाड्यांवर टँकर फिरायला लागतात, डोक्यावर हंडे घेऊन बायका टँकरमागे धावतात. आमच्याकडेही नळाला पाणी यायचं ते पहाटे. मी चारला उठायची ती पोळ्यांसाठी कमी आणि पाण्यासाठी जास्त. पिंप भरायचं, हंडे भरायचे, मग डबे.

एवढं पाणी भरून निघालेली मी स्वतः मात्र घोटभरच प्यायची. लोकलला शौचालय नसतं. अंधेरी ते चर्चगेट प्रवासात ते नसलं तरी चालून जाईल. कसारा ते सीएसएमटी हे १२० किलोमीटरचं अंतर आहे. पुरुष मधल्या स्टेशनावर उतरून काहीतरी सोय लावतात. बाई उतरली तर तिची जागा गेली, गाडी गेली, आणि स्वच्छतागृहाला कुलूप असलं तर उतरण्याचाही उपयोग नाही. म्हणून आम्ही सगळ्या जणी पाणीच पीत नव्हतो. सकाळी अर्धा कप चहा, गोळी असेल तर तिच्यापुरता घोट, आणि मग कार्यालयात पोचेपर्यंत काही नाही. संध्याकाळी तेच, चारनंतर पाण्याची बाटली बाजूला ठेवायची. मुली नवीन नोकरीला लागल्या की आठवड्याभरात हे आपोआप शिकायच्या. त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं.

वासिंदहून एक नर्स चढायची, परळकडच्या एका रुग्णालयात कामाला. तिनं आम्हाला समजावून सांगितलं की पाणी कमी प्यायलं आणि लघवी तुंबवून धरली की मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो, तो पुन्हा पुन्हा होत राहिला तर मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. आमच्या बाकावरच्या कितीतरी जणींना हा त्रास होता आणि प्रत्येकीला वाटत होतं की तो आपल्या एकटीचाच. पाळीच्या दिवसांत तर हलायला जागा नसलेल्या डब्यात तासन्‌तास काढायचे. गरोदर बाईचे शेवटचे महिने, चाळिशीनंतरचा मधुमेह, पाठीचं दुखणं, या सगळ्याची गाठ याच एका गोष्टीशी होती. ज्या तालुक्याचं पाणी मुंबई पिते त्या तालुक्यातल्या बायका मुंबईला जाताना तहान दाबून बसतात. हे मी एकदा डब्यात मोठ्यानं म्हटलं. खर्डीच्या शिक्षिकेनं ते तिथल्या तिथं कागदावर उतरवलं आणि तोच आमच्या अर्जाचा पहिला मसुदा झाला. सह्या गोळा केल्या, निवेदनं दिली, पुन्हा दिली. वाटेतल्या एका स्टेशनावरचं बायकांचं स्वच्छतागृह पहाटे पहिल्या गाडीपासून उघडं राहायला लागलं. तेवढ्यासाठीही दोन पावसाळे गेले. तरी त्या दिवशी डब्यात पेढे वाटले, आणि पाणीही प्यायलं.

कार्यालयाचं वेगळं. तिथं वेळ म्हणजे हजेरीपटावर सही केल्याची वेळ. तीन लाल शेरे म्हणजे एक किरकोळ रजा गेली. आमचे एक साहेब गाडीचं कारण ऐकूनच घ्यायचे नाहीत. ‘गाडीचं रोजचंच आहे’, असं म्हणायचे. ते दादरला राहत. त्यांच्याशेजारच्या टेबलावरचा माणूस माझ्यानंतर कितीतरी वेळानं घरून निघून वेळेत पोचायचा, गाडी रखडली की मी सहा बेचाळीस पकडूनही उशिरा, आणि कागदावर तो वक्तशीर, मी बेशिस्त. पुढे बायोमेट्रिक आलं. यंत्राला तर समजावूनही सांगता येत नाही.

हिशेब विभागात मार्चअखेर म्हणजे रात्री उशिरापर्यंत बसणं आलं. मला उशीर झाला की गिरगावात मावशीकडे राहावं लागे. लहान मुलगी घरी, सासूबाई तिला झोपवायच्या. बढतीच्या मुलाखतीत एकदा विचारलं गेलं की जबाबदारीचं पद घेतल्यावर उशिरा थांबणं जमेल का. त्याच दिवशी माझ्या आधी मुलाखत दिलेल्या दादरच्या सहकाऱ्याला हा प्रश्न विचारला नव्हता. बढती मला आणखी काही वर्षांनी मिळाली. त्यासाठी लागणाऱ्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूटच्या परीक्षांचा अभ्यास मी गाडीतच केला, जाताना आसनगाव ते कल्याण, येताना टिटवाळा ते आसनगाव, कारण तेवढ्याच पट्ट्यात पुस्तक उघडायला हात मोकळे असायचे. समोरच्या बाकावरच्या बायका गवार मोडायच्या, मटार सोलायच्या, आणि मला प्रश्न विचारून माझी उजळणी घ्यायच्या. पुनर्विमा म्हणजे काय, हे आमच्या डब्यातल्या भाजी निवडणाऱ्या चार-पाच जणी आजही नीट सांगतील.

संध्याकाळची गाडी सकाळपेक्षा कठीण. सीएसएमटीला कसारा लोकल फलाटाला लागता लागता, ती थांबायच्या आत बायका उड्या मारून आत शिरतात. मला ते कधीच करावंसं वाटलं नाही, माझ्या मुलीला करू द्यावंसं तर नाहीच. आम्ही काही जणी त्यापेक्षा एक गाडी सोडून देऊन रांगेत पुढे उभ्या राहायचो. ठाण्यापुढचा पारसिकचा बोगदा १९१६ सालचा, १.३ किलोमीटर लांबीचा. जुन्या गाड्यांत दिवे मंद असले की त्या अंधारात एकमेकींच्या पिशव्या धरून बसायचं. २०२२च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि मेल-एक्स्प्रेसना तिथे वेगळी वाट मिळाली. त्या पट्ट्यात फरक जाणवला, हे मान्य करायलाच हवं. टिटवाळ्यानंतर डबा रिकामा व्हायचा. रात्री उशिराच्या गाडीत बायकांच्या डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो, तो दिसला की हायसं वाटायचं. आसनगावला ठरलेला रिक्षावाला भाऊ थांबलेला असायचा. गाडी कितीही उशिरा आली तरी तो तिथं उतरणाऱ्या आम्हा तिघींना घेतल्याशिवाय हलायचा नाही. गाडी फार रखडली की त्याचा फोन यायचा, ‘ताई, कुठवर आलात?’

संकटाच्या दिवसांत अंतर म्हणजे काय ते उघडं पडतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दादर-परळचे सहकारी कंबरभर पाण्यातून का होईना, पण चालत घरी गेले. आम्ही लांबचे कार्यालयात टेबलं जोडून झोपलो, घरी काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. २०२०च्या मार्चमध्ये कोरोनामुळे लोकल बंद झाल्या. जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी थोड्या सुरू झाल्या, आम्ही त्यात नव्हतो. ऑक्टोबरमध्ये सगळ्या बायकांना परवानगी मिळाली, पण सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. अकराची गाडी पकडून आसनगावची बाई फोर्टात एक वाजून गेल्यावर पोचायची आणि सातनंतर निघून रात्री साडेनऊला स्टेशनात उतरायची. मधला काळ आम्ही एसटी, शेअर जीप, मिळेल त्यानं काढला, तीन-चार तास एका बाजूचे. त्याच काळात घरून काम सुरू झालं आणि मला पहिल्यांदा कळलं की आमच्या विभागातलं निम्मं काम फोर्टात येऊन करायची गरजच नव्हती. पहाटे पाणी भरून झालं की मी दोन तास झोपायची. सासूबाई म्हणाल्या, तुझा चेहरा बदलला.

९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर कसाऱ्याकडे जाणारी आणि सीएसएमटीकडे जाणारी लोकल एकमेकींशेजारून गेल्या तेव्हा दोन्हींच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. जीव गेले. ती सकाळची वेळ. मी त्या दिवशी आधीच्या गाडीनं पुढे गेले होते. दुपारपर्यंत डब्याच्या ग्रुपवर प्रत्येकीनं आपापल्या घरच्या पुरुषांची खुशाली टाकली, एकेक नाव येईपर्यंत बाकीच्या थांबलेल्या असायच्या. त्यानंतर दारं आपोआप बंद होणाऱ्या लोकलची चर्चा झाली, कार्यालयांनी वेळा वेगवेगळ्या कराव्यात असं पुन्हा बोललं गेलं. दारात माणूस हौसेनं लटकत नाही, हे मात्र बोललं जायला हवं तेवढं बोललं गेलं नाही. आत जागा नसते आणि ती गाडी सोडली तर वर लिहिलेला लाल शेरा असतो. दारातली गर्दी कार्यालयाच्या हजेरीपटापासून सुरू होते असं मला वाटतं, आणि हजेरीपट निदान आमच्या हातातला आहे.

अधीक्षक झाल्यावर माझ्या विभागाचा हजेरीपट माझ्या हाती आला तेव्हा मी पहिली गोष्ट केली ती हीच. प्रत्येकाला एका कागदावर लिहायला सांगितलं: घरून निघायची वेळ, गाडी, उतरायचं स्टेशन, घरी पोचायची वेळ. आकडे जमवणं हे माझं रोजचंच काम, पण हे आकडे आमच्या कार्यालयात कुणी कधी मागितले नव्हते. बारा माणसांच्या विभागात पाच जण कल्याणच्या पलीकडचे निघाले. काही जणांना तर शेजारचा माणूस पहाटे किती वाजता उठतो हे तोवर माहीत नव्हतं. त्या तक्त्यावरून मी दोन पाळ्यांचा प्रस्ताव केला, एक सकाळी नऊ ते पाच, दुसरी साडेदहा ते साडेसहा, ज्यानं त्यानं वर्षाच्या सुरुवातीला निवडायची. काउंटर दोन्ही वेळांना उघडा, म्हणजे लोकांची सोय वाढणारच होती. वरच्या साहेबांनी दोनदा परत पाठवला. शिस्त बिघडेल, बाकीचे विभाग मागतील, असं म्हणणं होतं. बाकीच्या विभागांनी मागावं असंच मला वाटत होतं. तिसऱ्या वेळी महामारीतला अनुभव जोडला, काम कुठंही अडलं नव्हतं त्याचे आकडे जोडले, आणि मंजुरी आली.

पहिल्याच वर्षात विभागातले लाल शेरे जवळजवळ थांबले. नऊच्या पाळीसाठी पहाटे आणखी लवकर निघावं लागतं, पण पाचला सुटलं की कसारा लोकलची सर्वांत मोठी गर्दी टळते आणि खर्डीची आमची नवी लिपिक आधीपेक्षा लवकर घरी पोचते. ती दोन वर्षांच्या मुलाची आई आहे. तिनं मला विचारलं होतं की तुम्ही एवढी वर्षं कशी काढली. मी तिला सांगितलं की माझ्यासारखी काढू नकोस, आणि बाटली भरून घे, मधल्या कुठल्या स्टेशनावर पहाटे काय उघडं असतं ते ग्रुपवर विचार. निवृत्तीच्या दिवशी मी तो तक्ता माझ्या जागी आलेल्या अधीक्षकांकडे सोपवला. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला होता. दोन पाळ्या चालू आहेत, तक्त्यात आता बदलापूरकडच्या दोघांची भर पडली आहे, डहाणूहून येणाऱ्या एकाची पडली आहे, आणि शेजारच्या दावे विभागानं कोऱ्या तक्त्याची प्रत मागून नेली आहे.